खिशांतला कॅमेरा कीं बदलत्या भिंगांचा?

कुटुंबांत एखादी मोलाची वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे दोन पक्ष पडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पूर्वीं हे पक्ष शिवणयंत्र, सायकल अथवा रेडिओ यांवरून पडत. हल्लीं आमच्या नव्या मुंबईंत ते कॅमेऱ्यावरून पडूं लागले आहेत. एक पक्ष म्हणतो, खिशांत मावेल असा लहान कॅमेरा घ्यावा. तो नेहमीं जवळ राहील आणि घरांतील कोणासहि वापरतां येईल. दुसरा म्हणतो, घ्यावयाचाच तर भिंगें बदलतां येतात असा मोठा, ज्यास बाजारांत ‘मिररलेस’ म्हणतात तो घ्यावा. खरें चित्र त्याचेंच. घरांतील वडील माणसांचा तिसरा पक्ष एवढेंच विचारतो कीं, प्रत्येकाच्या हातांत मोबाईल असतां ही नवी उठाठेव कशास? तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें सयुक्तिक असतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. या वादाचा निकाल आवडीनिवडीवर न सोडतां थोड्या विचारानें लावतां येईल काय, हें या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांवांतील घोटाळा

शाळेंत जन्म घालविलेल्या माणसास कोणत्याहि वादांत प्रथम व्याख्या मागण्याची संवय असते. कॅमेरा म्हणजे मुळांत एक अंधारी पेटी. तिच्या एका तोंडास भिंग आणि दुसऱ्या तोंडास प्रकाश टिपणारा पडदा. हा पडदा पूर्वीं चांदीच्या क्षारांनीं लेपिलेल्या कांचेचा किंवा फिल्मचा असे. आतां त्याच्या जागीं ‘सेन्सर’ नांवाची विद्युत्-चकती आली आहे. इ. स. १९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें फिल्मशिवाय चित्र घेणारी पेटी प्रथम तयार केली, तेव्हां तिचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें आणि चित्रांतील बिंदु अवघे दहा हजार होते. आज दोन कोटी बिंदूंचें चित्र घेणारी पेटी सदऱ्याच्या खिशांत राहते.

आतां ‘मिररलेस’ हा शब्द. ज्यांत आरसा नाहीं तो, असा हा सरळ नञ्-बहुव्रीहि आहे. पूर्वींच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें एक तिरपा आरसा बसविलेला असे. तो दृश्य वर फेकून डोळ्यास दाखवी आणि कळ दाबतांच क्षणभर बाजूस होई. २००८ सालीं पॅनासॉनिक कंपनीनें लुमिक्स जी-१ हा कॅमेरा काढला, त्यांत भिंगें बदलण्याची सोय ठेवून आरसा मात्र काढून टाकिला. डोळ्यास दिसूं लागलें तें सेन्सरनें पाहिलेलें दृश्य, लहानशा पडद्यावर. पुढें कॅनन आणि निकॉन या जुन्या पेढ्यांनींहि हाच मार्ग धरिला. परंतु वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खिशांतल्या कॅमेऱ्यांतहि आरसा नसतोच! तेव्हां आरसा असणें-नसणें हा या दोहोंतील भेदच नव्हे. खरा भेद दोन गोष्टींत आहे : एक, भिंग बदलतां येतें कीं तें पेटीस कायमचें जोडलेलें आहे, आणि दुसरी, सेन्सरचें आकारमान.

या आकारमानाचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. चांगल्या प्रतीच्या खिशांतल्या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ म्हणविणारा सेन्सर असतो. त्याची एकहि बाजू एक इंच नसते. तें नांव जुन्या दूरचित्रवाणीच्या नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून रूढ झालें आहे. प्रत्यक्षांत तो १३.२ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारें ११६ चौरस मिलिमीटर भरतो. सर्वसाधारण मिररलेसमधील सेन्सर २३.५ गुणिले १५.६, म्हणजे सुमारें ३६७ चौरस मिलिमीटर. आणि ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. अंगण मोठें तर पावसाचें पाणी अधिक सांठतें. तसाच सेन्सर मोठा तर प्रकाश अधिक सांठतो, आणि मंद उजेडांतील चित्र स्वच्छ येतें.

एक लहानसें गणित

एवढ्यावरून मिररलेसचा पक्ष जिंकला असें कोणास वाटेल. परंतु प्रकाश नुसत्या अंगणावर अवलंबून नाहीं. ज्या दारानें तो आंत येतो त्या दारावरहि आहे. भिंगाचें दार किती उघडतें हें ‘एफ’ या अंकानें सांगतात; अंक जितका लहान तितकें दार मोठें. गणित असें : सेन्सरच्या क्षेत्रफळास या अंकाच्या वर्गानें भागावें, म्हणजे एकूण प्रकाशाचें प्रमाण मिळतें.

खिशांतल्या चांगल्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा अंक पुष्कळदां १.८ असतो. ११६ ला १.८ च्या वर्गानें भागिल्यास ३६ येतात. मिररलेसबरोबर दुकानदार जें साधें भिंग देतो त्याचा अंक बहुधा ३.५ पासून सुरू होतो. ३६७ ला ३.५ च्या वर्गानें भागावें; उत्तर ३०. म्हणजे काय झालें? मोठी पेटी, मोठा सेन्सर, मोठें मोल, आणि अंधारांत प्रकाश मात्र लहान पेटीपेक्षां कांकणभर कमीच! आतां त्याच मिररलेसला १.८ अंकाचें एक स्थिर भिंग लावा. उत्तर एकदम ११३ येतें, म्हणजे लहान पेटीच्या तिपटीहून अधिक.

या गणिताचें तात्पर्य मोठें आहे. मिररलेसची थोरवी पेटींत नाहीं, भिंगांत आहे. ज्यास दुसरें भिंग कधीं घ्यावयाचें नाहीं त्यानें भिंग बदलणारी पेटी घेणें म्हणजे तंबोरा आणून त्यावर एकच तार लावण्यासारखें आहे. उलटपक्षीं, खिशांतल्या पेटीस मोठा सेन्सरहि बसवितां येतो. रिको कंपनीच्या जीआर मालिकेंत तशी योजना आहे. २०१९ च्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीचें वजन बॅटरीसकट अवघें २५७ ग्रॅम. पण तींत दूरचें जवळ आणण्याची सोय नाहीं आणि दिवाहि नाहीं. प्रत्येक लाभास असा कोठें तरी त्याग असतोच.

नित्य, नैमित्तिक आणि काम्य

आमच्या शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद सांगितले आहेत. घरांतील छायाचित्रांचीहि अशीच वांटणी केल्यास निवड पुष्कळ सोपी होते.

नित्य चित्रें म्हणजे रोजच्या संसाराचीं : पहिलें पाऊल टाकणारें मूल, परीक्षेस निघालेली नात, ओसरीच्या जागीं आलेल्या गॅलरींत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, पोळ्या लाटणाऱ्या जाऊबाई. हीं चित्रें सांगून येत नाहींत. पाहिलें तों गेलीं. तीं घेण्यास हाताशीं असेल तोच कॅमेरा कामाचा. शिवाय मोठा कॅमेरा पुढें आला कीं माणूस सावध होतें. काकू पदर सारख्या करतात, आजोबा टोपी शोधतात, आणि जें टिपावयाचें तेंच नाहींसें होतें. लहान पेटीपुढें माणसें माणसांसारखीं राहतात.

नैमित्तिक चित्रें म्हणजे मुंज, मंगळागौर, गणपति, सहस्रचंद्रदर्शन. येथें गर्दी असते, प्रसंग पुन्हां येत नाहीं, आणि उजेड बहुधा समईचा व निरांजनाचा असतो. येथें वरचें गणित आठवावें. साधें भिंग लावलेला मिररलेस येथें विशेष कांहीं देणार नाहीं, १.८ अंकाचें भिंग मात्र आरतीच्या उजेडांत चेहरे जिवंत ठेवील. दिव्याचा लखलखाट करून देवघराचें चित्र घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या उजेडासाठीं तें चित्र घ्यावयाचें तोच उजेड त्या लखलखाटांत मरतो.

काम्य चित्रें म्हणजे विशिष्ट इच्छेनें, मुद्दाम उठून घ्यावयाचीं. नव्या मुंबईंत या इच्छेस फार मोठें स्थान लाभलें आहे, आणि तें रोहित पक्ष्यांमुळें. कोणी त्यांस अग्निपंख म्हणतात, बहुतेक जण फ्लेमिंगोच म्हणतात. हिवाळ्याच्या सुमारास हे पक्षी ठाण्याच्या खाडींत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. यांत थोरला आणि धाकटा अशा दोन जाति आहेत. चिखलांतील शेवाळ व बारीक जीव हें त्यांचें अन्न, आणि त्यांतील रंगद्रव्यामुळेंच त्यांस तो गुलाबी वर्ण येतो. २०१५ मध्यें खाडीचा कांहीं भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्यें ठाणे खाडीचें नांव जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत गेलें. ऐरोलीस वनखात्याचें जैवविविधता केंद्र आहे; तेथून भरतीच्या वेळा पाहून होड्या सुटतात. ओहोटीस पक्षी खाडीच्या चिखलावर पसरतात, आणि भरतीनें चिखल झांकला कीं नेरूळ-सीवूड्सकडील पाणथळ तळ्यांत येऊन उभे राहतात.

आतां येथें खिशांतल्या कॅमेऱ्याचें काय होतें पहा. धाकटा रोहित उभा सुमारें ९० सेंटिमीटर भरतो. तो १०० मीटरांवर असेल आणि आपल्या लहान पेटीचें भिंग १८ मिलिमीटरांचें असेल, तर त्रैराशिकानें त्याची प्रतिमा अवघी ०.१६ मिलिमीटर उंचीची पडते. साडेपंधरा मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर ही शंभरावा हिस्सा. म्हणजे चित्रांत पक्षी नव्हे, गुलाबी ठिपका. त्याच सेन्सरपुढें ४०० मिलिमीटरांचें भिंग धरिलें तर प्रतिमा ३.६ मिलिमीटरांची होते, आणि पक्षी चित्राच्या उंचीचा जवळजवळ चौथा भाग व्यापतो. येथें वाद संपला. ज्याच्या मनानें पक्षी घेतले आहेत त्यास लांब भिंगावांचून गति नाहीं. लांब पल्ल्याचें भिंग कायमचें जोडलेलेहि कॅमेरे मिळतात. त्यांचा सेन्सर बहुधा लहान असतो, तरी सकाळच्या स्वच्छ उन्हांत ते काम देतात. पण त्यांतील बरेचसे खिशांत मावत नाहींत, हें विसरूं नये.

एवढें मात्र सर्वांस बजावतों कीं, भिंग तोकडें पडलें म्हणून पक्ष्याकडे धांवूं नये. दुरून आलेला पाहुणा अन्नावर बसला असतां त्यास चित्रासाठीं उडविणें हें अतिथिधर्मास सोडून आहे. आणि खाडीचा चिखल माणसाचा पाय सहजीं सोडीत नाहीं, हेंहि खरें.

दमट हवेचा विचार

दुकानांतील माहितीपत्रकांत न आढळणारी एक गोष्ट खाडीकांठच्या माणसानें अवश्य जाणावी. आमची हवा दमट. पावसाळ्यांत तर लोणच्याच्या बरणीस आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांसहि बुरशी धरते, भिंगांसहि धरते. कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु पसरतात, आणि वेळींच साफ न केल्यास कांचेवरील लेप कायमचा खातात. ज्याच्याजवळ तीन भिंगें त्यास ही चिंता तिप्पट. भिंगें कातडी पिशवींत कोंडून ठेवूं नयेत. कातडें ओल धरितें. घट्ट झांकणाचा डबा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र एवढी सामग्री पुरे. कांटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. पुड्यांतील खड्यांचा रंग पालटला कीं ते तापवून पुन्हां घालावे. वातानुकूलित खोलींतून एकदम बाहेरच्या उकाड्यांत कॅमेरा काढिल्यास कांचेवर पाण्याचे थेंब जमतात. तो पिशवींतच राहूं द्यावा आणि बाहेरच्या हवेइतका उबदार झाल्यावर काढावा.

धुळीच्या बाबतींत दोन्ही पक्ष समान अपराधी आहेत. भिंग बदलतांना मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो. म्हणून पेटीचें तोंड खालीं धरून, वारा टाळून, चटकन् काम उरकावें, आणि धूळ गेलीच तर रबरी फुंकणीनें उडवावी. खिशांतल्या कॅमेऱ्याची नळी आंतबाहेर होते आणि कधींकधीं धूळ आंत ओढून घेते. ती काढण्यास मात्र सबंध पेटी कारागिराकडून उघडवावी लागते.

बुरशीवर सर्वांत उत्तम औषध म्हणजे कॅमेरा वापरणें. आमच्या परिचयाचें नेरूळचें एक मोठें कुटुंब आहे. थोरल्या चिरंजिवांनीं मोठ्या हौसेनें मिररलेस व दोन भिंगें आणलीं. सहा महिने तो सर्वत्र मिरवला. पुढें पिशवी जड वाटूं लागली, आणि ‘बिघडेल’ म्हणून तो दुसऱ्या कोणाच्या हातीं देण्याची तर बंदीच झाली. कपाटांत त्यानें तीन पावसाळे काढिले. मध्यंतरीं घरांतील वृद्ध आत्याबाई वारल्या. तेराव्यास मांडावयास तसबीर पाहिजे म्हणून शोधाशोध झाली, तेव्हां त्यांचें एकटींचें एकहि चित्र सांपडेना. अखेर लग्नाच्या एका समूहचित्रांत कडेस उभ्या असलेल्या आत्याबाईंचा चेहरा कापून मोठा करावा लागला. पन्नास वर्षें ज्या हातांनीं त्या घरच्या मोदकांना कळ्या पाडल्या, त्या हातांचें चित्र त्या घरांत नाहीं. कॅमेरा उत्तम होता. नित्याच्या कामास काम्याचें साधन आणिलें होतें, एवढाच त्यांत दोष.

हेतु आधीं, यंत्र मागून

महाराष्ट्रास कॅमेरा नवा नाहीं. मुंबईंत १८५४ मध्येंच छायाचित्रणाची सभा स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. परंतु निवडीचा धडा घ्यावा तो दादासाहेब फाळके यांच्यापासून. १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हां काय करावयाचें हें त्यांच्या मनाशीं आधींच ठरलें होतें. परत आल्यावर वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनीं दिवसांमागून दिवस टिपली, तें चित्र दाखवून भांडवल मिळविलें, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या पडद्यावर आला. या कामीं सरस्वतीबाई फाळके यांनीं फिल्मला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे श्रम घरीं केले. यंत्र एकाच्या नांवावर असलें तरी तें चालविलें सबंध घरानें. आमच्या नेरूळच्या कपाटांत नेमकी हीच गोष्ट घडली नाहीं.

आतां तिसऱ्या पक्षास उत्तर देणें प्राप्त आहे. मोबाईलनें लहान कॅमेऱ्याचा व्यापार जवळजवळ बुडविला, हें सत्य आहे. २०१० च्या सुमारास जगांत वर्षाकाठीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीस बाहेर पडत, त्यांत बहुसंख्य लहानच. २०२३ मध्यें सर्व प्रकारचे मिळून ८० लाखांहूनहि कमी झाले. त्याचा परिणाम असा कीं, खिशांतले कॅमेरे आतां थोडे निघतात आणि स्वस्तहि राहिले नाहींत. ‘लहान म्हणून कमी किंमतीचा’ हा समज सोडून द्यावा. मोबाईलची चित्रें उन्हांत उत्तम येतात. मग वेगळी पेटी कशास? तर तिला बोलावणीं येत नाहींत, ती नातवाच्या हातीं निर्धास्तपणें देतां येते, आणि तींत फक्त एकच काम होतें, म्हणून तें लक्ष देऊन होतें. ज्यांस हें कारण पुरेसें वाटत नाहीं त्यांनीं मोबाईलवर संतुष्ट असावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

एकंदर विचार करतां आमचा अभिप्राय असा : प्रथम मागील वर्षांत घरांत घेतलेलीं पन्नास चित्रें समोर घ्यावीं आणि त्यांची वरीलप्रमाणें वांटणी करावी. चाळीसांवर नित्य निघालीं तर खिशांतला कॅमेरा, नाहींतर आहे तोच मोबाईल. समारंभांचीं पुष्कळ असतील तर मिररलेस, परंतु १.८ अंकाच्या भिंगासह. त्याचे पैसे पहिल्याच दिवशीं हिशेबांत धरावे. घरांत कोणी पहाटे उठून खाडीवर जाणारा असेल तर लांब भिंग. पण तो खरोखर उठतो कीं नाहीं, हें एक हिवाळा पाहून घ्यावें. आणि संशय राहिलाच तर सूचीकटाहन्यायानें वागावें : लोहाराकडे सुई व कढई दोन्ही आल्या तर तो सुई आधीं करितो. लहान वस्तु आधीं घ्यावी. ती अपुरी पडूं लागली म्हणजे मोठीची गरज आपोआप सिद्ध होते. जुना कॅमेरा घेणें झाल्यास मुंबईंत बोरा बाजाराकडे फेरी मारावी. भिंगांतून विजेरीचा प्रकाश पाहून बुरशी नाहीं याची खात्री करावी, आणि त्याची बॅटरी अद्याप मिळते कीं नाहीं, हें विचारल्याविना पैसे देऊं नयेत.

शेवटीं एक सूचना, ती दोन्ही पक्षांस लागू आहे. वर्षाअखेर उत्तम अशीं पन्नास चित्रें निवडून कागदावर छापून घ्यावीं, बाकीचीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं सांठवून ठेवावीं, आणि छापलेल्या प्रत्येक चित्रास आंकडा घालून त्यांत कोण आहे, कोठें आहे व केव्हां आहे, हें एका वहींत लिहून काढावें. हें काम घरांतील वडील माणसांकडे द्यावें, म्हणजे तिसऱ्या पक्षाचीहि समजूत पटेल. नांव न लिहिलेला चेहरा तिसऱ्या पिढीस परका होतो, मग तो कितीहि मोठ्या सेन्सरवर टिपलेला असो. तेव्हां कॅमेरा कोणताहि घ्या. येतांना ती वही मात्र बरोबर आणावी.